मऊ केलेले पाणी स्नानाला, पिण्याला नव्हे

बोअरचे पाणी जड आहे की नाही, हे आपल्याकडच्या गृहिणीला प्रयोगशाळेने सांगावे लागत नाही. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, न्हायल्यावर केस चिकट राहतात, गिझरची कॉइल वेळेआधीच जाते आणि उन्हाळा संपता संपता कूलरच्या ताट्यांवर चुन्याचा असा थर बसतो की झोडपूनही सुटत नाही. यवतमाळकरांना २०१८ चा उन्हाळा आठवत असेल. निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला होता. अशा टंचाईत माणूस अंगणात बोअर घेतो. नशिबाने पाणी लागते, पण ते जड लागते. वणीकडे तर जमिनीतच चुनखडक आहे. राजूरच्या चुनाभट्ट्या काही उगीच उभ्या राहिल्या नाहीत.

मग घरात सॉफ्टनर येतो. यंत्र चांगले आहे, याबद्दल वाद नाही. परंतु तेच पाणी स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाला जोडलेले दिसते आणि घरधनी कौतुकाने पेला पुढे करतात, तेव्हा मात्र राहवत नाही.

या यंत्रात होते काय, ते आधी पाहू. टाकीत रेझिनचे बारीक पिवळसर मणी असतात. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे मणी धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. मणी भरले की त्यांच्यावरून मिठाचे दाट पाणी सोडायचे. धरलेले कॅल्शियम सुटून गटारात जाते आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. म्हणजे या यंत्रात पाणी शुद्ध होत नाही, त्यातल्या क्षारांची फक्त अदलाबदल होते. जंतू मरत नाहीत, नायट्रेट जात नाही, एकूण क्षारही कमी होत नाहीत.

या अदलाबदलीचा हिशेब असा. लिटरमागे १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला की सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. पाण्याचा कठीणपणा ५०० असेल, तर लिटरमागे २३० मिलिग्रॅम. दिवसाला ३ लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात ६९० मिलिग्रॅम सोडियम नुसत्या पाण्यातून जाईल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. आपल्या मे महिन्यात शेतावर जाणारा माणूस ३ लिटरवर थांबत नाही, हेही लक्षात घ्या. रक्तदाबाच्या रोग्याने ताटातले लोणचे-पापड सोडायचे आणि पेल्यातून मीठ प्यायचे, असा हा प्रकार होतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर या पाण्यापासून लांबच राहावे.

जड पाण्याने मुतखडा होतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि यंत्र खरेदी करण्यामागे बहुधा तीच असते. तसे सिद्ध झालेले नाही. मुतखड्याचे आपल्याकडचे एक मोठे कारण म्हणजे कडक ऊन आणि त्या मानाने कमी पाणी पिणे. अन्नपाण्यातले कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवते, म्हणजे एका अर्थी ते मदतच करते. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा २०० पर्यंत असावा, आणि दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. चव मचूळ लागते, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतल्या काही गावांच्या बोअरना फ्लोराइड आहे. पांढरकवडा परिसराच्या भूजलातील फ्लोराइडवर २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात शास्त्रज्ञांचा लेखही आला होता. मानकाप्रमाणे फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल तर १.५, त्यापुढे नाही. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे प्याल्याने लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि मोठ्यांची मान, पाठ, गुडघे आखडतात. एकदा वाकलेला कणा औषधाने सरळ होत नाही.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. भांड्यावर थर बसवतो तो चुना. फ्लोराइड आपली कसलीच खूण ठेवत नाही. गृहस्थ थर पाहून सॉफ्टनर आणतो, थर बसायचा थांबतो आणि त्याला वाटते, पाणी सुधारले. सॉफ्टनरचे मणी धन भाराचे क्षार धरतात. फ्लोराइड ऋण भाराचे, ते जसेच्या तसे पेल्यात उतरते. त्यात कॅल्शियम मात्र निघून गेलेले असते, आणि कॅल्शियमची कमतरता असलेल्या शरीरावर फ्लोराइडचा मारा अधिक होतो. फ्लोराइडच्या गावात मऊ केलेले पाणी मुलांना पाजणे म्हणजे घरातली ढाल काढून ठेवणे होय. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ जाते, फ्लोराइड मागे राहते आणि उलट दाट होते. त्यासाठी आरओ किंवा सक्रिय ॲल्युमिनाची गाळणी लागते. नागपूरच्या नीरी संस्थेने चुना आणि तुरटीची नालगोंडा पद्धत काढली, ती मोजमाप नीट ठेवले तर चालते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे नदी-धरणाचे तपासलेले नळाचे पाणी.

म्हणून प्लंबरला स्पष्ट सांगा : पिण्याचा आणि स्वयंपाकाचा नळ सॉफ्टनरच्या आधी काढायचा, यंत्राचे पाणी न्हाणीघर, गिझर, धुण्याचे यंत्र आणि भांडी यांनाच. घरात आरओ असेल तर त्याच्या आधी सॉफ्टनर चालतो, कारण पडदा लवकर चोंदत नाही आणि आलेले सोडियम आरओ बऱ्याच अंशी काढून टाकतो. झाडांना मात्र हे पाणी देऊ नका. काळ्या मातीला सोडियम मानवत नाही, ती चोपण होते. मीठपाण्याचा निचराही परसात सोडू नये.

राहिले यंत्र लावण्याचे. विक्रेता एकदा आकडा लावून जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तोच राहतो, ही सार्वत्रिक चूक. १० लिटर रेझिनला प्रत्येक वेळी एक ते दीड किलो मीठ दिले, तर ते साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कठीणपणा धरते. पाणी ५०० चे असेल तर हजार लिटरच्या आतच रेझिन भरले. घरात दिवसाला ४०० लिटर मऊ पाणी लागत असेल, तर दर दोन दिवसांनी मीठपाणी द्यायला हवे. आठवड्याने दिले तर मधले दिवस यंत्रातून जड पाणीच येते आणि शिव्या कंपनीला बसतात. मीठ कमी घातले तर मणी कमी धरतात, आणि जास्त घातल्याने त्या प्रमाणात जास्त धरत नाहीत. साधे, स्वच्छ खडे मीठ पुरते. मीठपाणी दिल्यावर खारटपणा पूर्ण जाईपर्यंत धुवून काढा, नाहीतर पहिली बादली अंगाला लागते. पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीला तांबूस डाग पडत असतील, तर आधी लोहाची गाळणी बसवा. नाहीतर मणी गंजाने माखतात. लग्नसराईत महिनाभर घर बंद राहिले असेल, तर परतल्यावर एकदा मीठपाणी देऊन मगच नळ सोडा.

बोअरचे पाणी मे महिन्यात एक असते आणि पोळ्याला दुसरे. तेव्हा वर्षातून दोनदा तपासावे. स्वच्छ धुतलेली लिटरभराची बाटली, बोअर दहा मिनिटे चालवून मग भरलेली, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत न्या. अर्जावर कठीणपणाच्या शेजारी फ्लोराइड आणि नायट्रेट हे दोन शब्द स्वतःच्या हाताने लिहा.