मुक्कामाचा रेडिओ कोणता?

मागील बैठकीच्या चहापानाच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस पृच्छा केली, की नर्मदा परिक्रमेस निघण्याचा मानस आहे, तेव्हा बरोबर नेण्याजोगा लहानसा, लघुलहरी लागणारा रेडिओ कोणता घ्यावा? आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच शेजारचे एक तरुण स्नेही म्हणाले, "काका, आता रेडिओ कोण नेतो? मोबाईलमध्ये सगळे आहे." मंडळी हसली. आम्हीही रीतीप्रमाणे हसलो. परंतु घरी आल्यावर ते हसणे पचेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी तरुण स्नेह्यांच्या पक्षास न्याय देऊ. त्यांचे म्हणणे खोटे नाही. बेल्लमपल्लीच्या आमच्या ओसरीवर बसून मोबाईलवर पुणे ऐकता येते, रत्नागिरी ऐकता येते, आणि तेही खरखरीवाचून. ज्या नागपूर केंद्रासाठी आमचे वडील रेडिओ छातीशी धरून अंगणभर फिरत, ते आज बोटाच्या टोकावर आहे. ही सोय आम्हीही रोज वापरतो. मात्र प्रश्न घरी ऐकण्याचा नव्हता, मुक्कामी ऐकण्याचा होता. मोबाईल हा स्वतः काही ऐकत नाही. जवळच्या टॉवरने जे आणून दिले ते तो आपल्यापुढे ठेवतो. टॉवर नाही तर त्याचा दगड. जन्नारमकडे कव्वालच्या अभयारण्यात शिरा, तिर्याणीच्या डोंगरात जा, नाही तर प्राणहितेच्या काठी उतरा. पडद्यावरील त्या चढत्या रेघा एकेक करून मावळताना दिसतात. रेडिओचे तसे नाही. लहर आभाळातून येते आणि वाटेत कोणाची परवानगी घेत नाही.

आणि रानच कशाला? जुलै २०२२ मध्ये गोदावरीला पूर आला, मंचेरियालच्या वस्त्यांत पाणी शिरले, कडेमचे धरण राहते की जाते अशी पाळी आली, तेव्हा आमच्या घरची वीज गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी घरातील तिन्ही मोबाईल निजले. सूनबाईंचे माहेर नदीकाठी. त्यांचा जीव टांगणीला लागलेला. अशा वेळी फडताळातून काढलेल्या जुन्या संचात दोन पेन्सिल सेल घातले आणि मध्यमलहरीवर तेलुगू बातम्या लागल्या. पाणी उतरत असल्याचे त्या घराला तिथून कळले. "मोबाईलमध्ये सगळे आहे" या वाक्यात 'वीज असेपर्यंत' हे दोन शब्द गाळलेले असतात.

आमची नोकरी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात फिरतीची होती. (२०१६ साली जिल्ह्याचे चार झाले आणि बेल्लमपल्ली मंचेरियालात गेली, पण पत्ता लिहिताना हात अजून आदिलाबादकडे वळतो.) त्या काळी दौऱ्याला 'कॅम्प' म्हणत. हल्ली तरुण मंडळी तंबू घेऊन हौसेने कॅम्पिंगला जातात. आम्ही सरकारी हुकमाने जात होतो, एवढाच फरक. वनखात्याचे विश्रामगृह, कंदील, आणि उशाशी रेडिओ. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी आम्ही अशाच एका मुक्कामी होतो. त्याच वर्षी रामारावांच्या सरकारने पटेल-पटवारी पद्धत मोडीत काढली होती, आणि नुकतेच 'माजी' झालेले एक पटवारी दुपारी आपला फिलिप्सचा संच घेऊन धावत आले. बी.बी.सी.ने इंदिराजींच्या निधनाचे वृत्त दिले होते. आपल्या आकाशवाणीने ते अधिकृतपणे सांगितले संध्याकाळी. मधल्या त्या काही तासांत आम्ही चारपाच माणसे लघुलहरीच्या एका क्षीण, वरखाली होणाऱ्या आवाजाभोवती बसून होतो. लघुलहर म्हणजे काय हे आम्हांस कोणी शिकवले असेल तर त्या दुपारने.

तरीही आमचे पहिले सांगणे लघुलहरीविषयी नाही, आणि येथेच रेडिओचे हौशी जाणकार आमच्यावर रुष्ट होतील. ही मंडळी संच निवडताना लघुलहरीचे पट्टे किती, स्मरणकोठे किती, एवढेच मोजतात. मध्यमलहर हा त्यांना गरिबाचा विषय वाटतो. आपल्यासारख्यांनी हा क्रम उलटा लावावा. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, राजुरा आणि किनवट पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. शाळेत तेलुगू, कचेरीत तेलुगू आणि इंग्रजी, बाजारात तेलुगू आणि दखनी. त्या भाषांशी आमचे भांडण नाही. त्यांनीच आमचे पोट भरले. परंतु प्रमाण मराठी, बातम्यांची आणि भाषणांची मराठी, आपल्या घरांत आली ती पुस्तकांइतकीच मध्यमलहरीने. नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर, परभणी १३०५ वर, आणि रात्र चढली की मुंबई. दिवसा ही केंद्रे क्षीण किंवा मुळीच नाहीत, आणि सूर्य मावळला की शेजारी आल्यासारखी, हे कोडे आम्हांस बालपणी फार पडे. कारण असे, की दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातील एक थर मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, लहरी आणखी वर जाऊन परावर्तित होतात आणि शेकडो कोस दूर उतरतात. सीमेवरच्या मराठी माणसाला मराठी रात्री ऐकू येत असे, ही नुसती आठवण नाही, भौतिकशास्त्र आहे.

लघुलहरीकडे आपल्या लोकांना लोटले ते मात्र एका मराठी माणसाने, हे जाता जाता नोंदवतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले आणि अभिरुची सुधारावी म्हणून चित्रपटगीतांवर त्यांनी गदा आणली. अभिरुची सुधारली की नाही ते ठाऊक नाही. श्रोते मात्र उठून रेडिओ सिलोनला गेले. बुधवारची गीतमाला सुरू झाली, अमीन सायानी घरोघरचे झाले, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती काढावी लागली. वरून बंद केलेली गोष्ट दुसऱ्याच दिशेने आभाळातून येते, हा धडा त्या खात्याने तेव्हा घेतला होता. आता विसरलेला दिसतो.

लघुलहरीवर आज काय उरले आहे, याविषयी श्रोत्यास अंधारात ठेवणे आम्हांस पटत नाही. बरेच गेले. साठ मीटरच्या पट्ट्यावर आमच्या नोकरीच्या काळी हैदराबाद ४८०० वर आणि मुंबई ४८४० वर असे. तशी बहुतेक प्रादेशिक लघुलहर केंद्रे मिटली. ११ मे १९४० रोजी सुरू झालेली बी.बी.सी.ची हिंदी लघुलहर सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. लंडनहून १९४२ ते १९५८ पर्यंत मराठीही होती, आणि तेथे वेणू चितळे बोलत असत, हे आता किती घरांत ठाऊक असेल? तरी आभाळ रिकामे झालेले नाही. बी.बी.सी.चे इंग्रजी आहे, चीनचे हिंदीसह अनेक भाषांत आहे, रुमानियासारखे देश चिकाटीने बोलत आहेत. ज्याला संच घेऊन रोज नवा देश सापडेल अशी आशा असेल त्याने पैसे वाचवावेत. ज्याला संकटात एक आवाज आणि रात्री चार आवाज पुरतील, त्याने अवश्य घ्यावा.

आता निवडीविषयी, आणि आरंभ आमच्याच मूर्खपणाने करतो. आमचे चिरंजीव अमेरिकेत असतात. निवृत्तीनंतर आम्ही त्यांच्याकडून एक भारी आकडेवाला संच मागवला. रात्री गच्चीवर बसून नागपूर लावू लागलो, तर ५८० येई, नंतर ५९०, मधले ५८५ काही केल्या येईना. आठवडाभर आम्ही नागपूर केंद्रास दोष दिला! दोष आमचा होता. अमेरिकेत मध्यमलहरीची केंद्रे दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. ५८५ ही पासष्ट नवांची रास, ती दहाच्या पाढ्यात कशी यावी? संचावर हे अंतर बदलण्याची सोय होती, पुस्तिकेत ती लिहिलेलीही होती, पण वर्षानुवर्षे फायली वाचणारा मनुष्य घरी पुस्तिका वाचत नाही. तेव्हा परदेशातून संच येणार असेल तर नऊ आणि दहा दोन्ही अंतरे त्यात आहेत ना, हे आधी विचारावे. केवळ जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या जुन्या संचांत एफ.एम.चा पट्टा आपल्या पट्ट्याच्या आरंभीच संपतो, तेही पाहावे.

दुसरी कसोटी सेलची. परिक्रमेच्या वाटेवर, जत्रेत, पाड्यावरच्या किराणा दुकानात जे मिळते त्यावर चालेल तोच मुक्कामाचा रेडिओ. पेन्सिल सेल सगळीकडे मिळतात. सोनीचा आय.सी.एफ.-एस.डब्ल्यू.११ हा काटेवाला संच किंवा टेकसनचा आर-९०१२ असे दोन सेलांवर चालणारे साधे संच म्हणूनच आम्हांस प्रिय. त्यांत आकडे दिसत नाहीत, केंद्र काट्याने शोधावे लागते, शेजारची दोन केंद्रे कधी एकमेकांत मिसळतात. पण खुंटी फिरवताच आवाज येतो, पुस्तिकेची गरज नाही आणि सेल लवकर संपत नाही. ज्याला आकडेच हवेत त्याने टेकसनचा पी.एल.-३१० ई.टी. पाहावा, तो तीन पेन्सिल सेलांवर चालतो आणि त्याला बाहेरची एरियल जोडता येते. पी.एल.-३३० हाही गुणी आहे, हौशी बिनतारी मंडळींचे बोलणेही त्यावर समजते. परंतु त्याची बॅटरी जुन्या नोकिया मोबाईलसारखी, ती रानात भरायची कशी ते आधी ठरवावे. सोनीचा ७६०० जी.आर. हा एके काळचा राजा. त्याचे उत्पादन थांबले आहे, आणि जुना संच भरमसाट किमतीला विकणाऱ्यांच्या नादी प्रवासासाठी तरी लागू नये. नदीत पडला तर मनुष्याने आधी संचामागे उडी घ्यावी, इतका महाग रेडिओ सोबत नेऊ नये.

संच कोणताही असो, दुकानात लावून पाहू नये. दुकानात, आणि खरे तर आता घरातही, लघुलहर मरते ती एल.ई.डी. दिव्यांनी, चार्जरांनी, इन्व्हर्टरांनी. "लघुलहरीवर आता काही लागतच नाही" असे म्हणणारे दहांतील आठ जण दिव्याखाली बसून म्हणत असतात. रानात हा गोंगाट नाही. म्हणजे ज्या ठिकाणी मोबाईल मुका होतो नेमक्या त्याच ठिकाणी हा संच उत्तम ऐकतो, हे आमच्या तरुण स्नेह्यांनी कृपया ध्यानात घ्यावे.

शेवटचा वाद संचाशी नाही, आकाशवाणीशी आहे. मध्यमलहरीची प्रक्षेपके एकामागून एक मिटवली जात आहेत. नागपूरचे दहा लाख वॉटचे प्रक्षेपक, ज्यावरून १९८८ पासून रात्रभर राष्ट्रीय प्रसारण चाले, त्या वाहिनीचा शेवट २०१८ च्या अखेरीस एका आदेशाने ठरला. अंकीय लहरींची तीसहून अधिक प्रक्षेपके उभी केली, पण त्या ऐकण्याचे संच सामान्य दुकानांत आणलेच नाहीत. एफ.एम. शहराची लहर आहे. ती दृष्टीच्या टप्प्यापलीकडे फारशी जात नाही, आणि आदिलाबाद किंवा चंद्रपूर काही बेल्लमपल्लीच्या दृष्टीच्या टप्प्यात नाहीत. मग हे बंद का होते? "श्रोते नाहीत." आम्ही तीन दशके सरकारी टिपणी लिहिल्या आहेत, हे वाक्य कसे तयार होते ते आम्हांस ठाऊक आहे. मोबाईलवर ऐकणारा मोजला जातो, त्याचा आकडा तक्त्यात बसतो. लहरीवर ऐकणारा कोणासच दिसत नाही. जो तक्त्यात नाही तो फायलीत नाही, आणि जो फायलीत नाही तो अस्तित्वातच नाही. राज्याच्या हद्दीबाहेर बसून मराठी ऐकणारा तर दुप्पट अदृश्य. महाराष्ट्राच्या केंद्राने त्याला का मोजावे, आणि तेलंगणाच्या केंद्राने तरी का?

म्हणून आमचे सुचवणे असे, की संच घेणाऱ्याने एक वहीही घ्यावी. कोणते केंद्र, कोणती तारीख, किती वाजता, कोठल्या गावी, आवाज कसा, एवढे लिहावे आणि महिन्यातून एकदा त्या केंद्रास साधे पत्र टाकावे. जगभरचे लघुलहर श्रोते हे करतात आणि केंद्रे त्यांना पोच म्हणून छापील कार्डे पाठवत आली आहेत. टिपणी लिहिणाऱ्याच्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा असला की "श्रोते नाहीत" हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते. हे आम्ही दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर बसून अनुभवले आहे.

परिक्रमेस निघणाऱ्या स्नेह्यांसाठी आम्ही आमचा दोन सेलांचा संच काढून ठेवला आहे. सोबत वीस फूट बारीक तार आहे. तिचे एक टोक सोलून एरियलला चिमट्याने लावावे, दुसरे झाडावर टाकावे, आणि वीज कडाडू लागली तर आधी ती तार काढावी. मध्यमलहरीसाठी तार नको, संचच हळूहळू फिरवावा. आतली कांडी ज्या बाजूने आवाज मोठा देईल ती बाजू धरावी. त्यांनी एकदा संध्याकाळी सात नंतर आमच्याकडे यावे. आपण दोघे दिव्यांपासून दूर तलावाच्या बांधावर जाऊ आणि ५८५ लागते का ते पाहू. तरुण स्नेह्यांनाही निमंत्रण आहे. मोबाईल त्यांनी खुशाल आणावा, परत येताना वाटेत उजेड लागेल.