पाना लांब करण्यापूर्वी

आपल्या वार्षिकांकात निसर्ग, मैत्री आणि हुंडाबंदी यांवर पुष्कळ लेख येतात. मी मोटारीच्या जाम झालेल्या प्लगवर लिहिणार म्हटल्यावर वर्गात हशा पिकला. हसणाऱ्यांवर माझा राग नाही. पण आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी फी ज्या पैशांतून भरली जाते तो पैसा पाथर्डी रस्त्यावरच्या माझ्या चुलत्यांच्या गॅरेजातून येतो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी मानतो.

माझे म्हणणे असे की, असा प्लग तुटतो तेव्हा लोक मिस्त्रीच्या अडाणीपणाला दोष देतात. वास्तविक पाहता तो बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या घाईने तुटतो.

इंजिनाभोवती खेळणारे पाणी सोडून देण्यासाठी किंवा त्यातली हवा काढण्यासाठी रेडिएटरला, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगला आट्यांचा एक लहानसा प्लग असतो. आमच्याकडे गाडीत सर्रास बोअरचे पाणी ओततात. हे पाणी तापले की त्यातला क्षार खाली बसतो. आंघोळीच्या बंबात पांढरा थर धरतो, तसाच तो इथेही धरतो. त्यात प्लग लोखंडी आणि हाउसिंग अॅल्युमिनियमचे असले तर दोन धातू आणि मध्ये खारे पाणी अशी बॅटरीच तयार होते व अॅल्युमिनियम झिजू लागते. झिजलेल्या धातूची भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. ती आट्यांत ठासून बसते, आणि तीन-चार वर्षे ज्याला कुणी हात लावला नाही तो प्लग हाउसिंगशी एकजीव झाल्यासारखा होतो.

आता तो काढायचा कसा? पहिली गोष्ट म्हणजे इंजिन गार होऊ द्यायचे. गरम इंजिनातले पाणी दाबाखाली असते. प्लग सुटला की ते तोंडावर येते. मग तारेच्या ब्रशने भोवतालची घाण काढून गंज सोडवणारे पातळ तेल द्यायचे आणि थांबायचे. तास, दोन तास, प्रसंगी रात्रभर. मधूनमधून प्लगच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यायचे, म्हणजे भुकटीला बारीक भेगा पडून तेल आत उतरते. पाना लावायचा तो सहा कोनांचा गोटी पाना, नेमक्या मापाचा. ढिला पाना कोपरे गोल करून टाकतो, आणि मग धरायला काही उरत नाही. पाव फेरा सैल, थोडा परत आवळ, पुन्हा तेल, असे करत तो बाहेर घ्यायचा.

एवढ्याने हलला नाही तर उष्णता. अॅल्युमिनियम हे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून ऊब प्लगला न देता भोवतालच्या हाउसिंगला द्यायची. भोक मोठे होते आणि पकड सुटते. प्लग पितळी आणि हाउसिंग बिडाचे असेल तर हिशेब उलटा, कारण तिथे प्लगच अधिक फुगतो. तापवून पुरते गार होऊ द्यावे लागते. जुन्या पितळी रेडिएटरला ज्योत लावायचीच नाही, कारण त्याचे सांधे डाखाचे असतात आणि डाख १८३ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो. तिथे उकळत्या पाण्यात बुडवलेले फडके. आजच्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तर ज्योत दाखवण्याचा प्रश्नच नाही. हे सारे चुलते जाणतात. ते सातवीपर्यंत शिकले. प्रसरणाचा गुणांक हा शब्द मी त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "असंल बाबा, नाव असंल त्याला काहीतरी."

पण समोर गिऱ्हाईक उभे असते. "मिस्त्री, उरका ना, शेवगावची पाशिंजरं भरलीत." चुलते म्हणतात, "भाऊ, त्याला तेल पिऊ द्या." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. अखेर पान्याला लांब पाइप अडकवला जातो. पाइपने जोर कितीतरी वाढतो. वाढलेला जोर प्लगचे डोके तोडतो, नाहीतर हाउसिंगला चीर पाडतो. मग ड्रिल, इझी-आउट, नवे आटे, किंवा सबंध हाउसिंगच नवे. आणि पैसे? ते "मिस्त्रीने तोडले" म्हणून मिस्त्रीच्या मजुरीतून कापले जातात. माझ्या बहिणीची वह्या-पुस्तके एका वर्षी अशाच एका हाउसिंगपायी दोन महिने लांबली.

जीपवाल्याचीही बाजू आहे. गाडीचा हप्ता असतो, दिवस बुडाला तर घरी चूल अडते. काही मिस्त्री उगाच वेळ काढून पैसे उकळतात, हेही मी पाहिले आहे. परंतु सुट्या भागाचे पैसे आपण बिनतक्रार मोजतो आणि दोन तासांच्या धीराचे पैसे मागितले की "नुसतं तेलच तर लावलं!" म्हणतो, हा कुठला न्याय? आपल्या नगरला वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. सहलीला गेलो की आपण ते रणगाडे तोंडात बोट घालून पाहतो. ते चालते ठेवताना कुणीतरी त्यांचेही गंजलेले नट धीराने सोडवले असतील, हे तिथे कितीजणांच्या मनात येते?

बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट घातले आणि ते वेळच्या वेळी बदलताना प्लग एकदा सोडून साफ करून बसवला, तर ही वेळ क्वचितच येईल. जुने कूलंट मात्र रस्त्यावर ओतू नये. त्यातले ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री ते चाटतात आणि मरतात.

दिवाळीच्या सुटीत मी गॅरेजच्या दारावर खडूने पाटी लिहून दिली : 'जाम प्लगची मजुरी तासावर. घाई असल्यास तुटल्याची जबाबदारी मालकाची.' चुलत्यांना आधी संकोच वाटला. आतापर्यंत दोन गाड्या पाटी वाचून पुढच्या गॅरेजला गेल्या. तिसरा जीपवाला बाकड्यावर बसला, त्याने चहा मागवला आणि सव्वा तासाने प्लग हातात आला, अख्खा.