पोकळ सरासरी

मनोनिग्रह वापरला की संपतो, हा सिद्धांत मानसशास्त्रात दीर्घकाळ सुखाने नांदला. १९९८ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी ६७ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात ज्यांना समोरची चॉकलेट बिस्किटे सोडून मुळे खावे लागले, त्यांनी पुढचे कोडे लवकर टाकून दिले. या शिदोरीवर असंख्य निबंध निघाले. २०१० मध्ये मार्टिन हॅगर यांच्या गटाने १९८ चाचण्यांचे मेटा-ॲनालिसिस केले, म्हणजे सगळ्यांचे निकाल एकत्र करून सरासरी काढली. गटांतील फरक प्रमाण विचलनाच्या पटीत मोजला, तर परिणाम भरला ०.६२, म्हणजे चांगलाच भरभक्कम. मग २०१६ मध्ये हॅगर यांच्याच पुढाकाराने २३ प्रयोगशाळांनी पद्धत आधी जाहीर करून दोन हजारांहून अधिक जणांवर प्रयोग केला. परिणाम उरला ०.०४!

यात कोणी लबाडी केली असे मानण्याची गरज नाही, आणि धास्तीचे कारण नेमके तेच आहे. दोन गटांत वीस-वीस माणसे घेतली, तर ०.५ एवढा खराखुरा फरकही तीनांतून जेमतेम एकदा हाती लागतो. ८० टक्के खात्री हवी तर प्रत्येक गटात ६४ माणसे लागतात, फरक ०.२ असेल तर जवळपास ४००. लहान नमुन्यात फुगलेला फरकच 'लक्षणीय' ठरतो. तो छापला जातो, बाकीचे कपाटात पडून राहतात. मेटा-ॲनालिसिस बेरीज करते ती छापलेल्याची. पाणी घातलेले दूध शंभर घरांतून गोळा केले म्हणून दाट होत नाही. जेकब कोहेन यांनी नमुन्यांचा हा दुबळेपणा १९६२ मध्येच दाखवून दिला होता. ऐकले कोणी?

आता असे फुगलेले आकडे सरकारी धोरणात शिरले आहेत. लोकांना हळूच योग्य निवडीकडे वळवणाऱ्या 'नज' उपायांचा परिणाम २०२२ च्या एका मेटा-ॲनालिसिसने ०.४३ सांगितला, न छापलेल्याचा हिशेब धरताच तो ०.०४ वर आला. अमेरिकेतील सरकारी नज-पथकांच्या प्रयोगांत सरासरी फरक १.४ टक्के-बिंदूंचा होता, विद्यापीठीय निबंधांत मात्र ८.७!

उपाय ठाऊक आहे. निष्कर्ष येण्यापूर्वी आराखडा पाहूनच निबंध स्वीकारला, तर गृहीतक खरे ठरल्याचे प्रमाण मानसशास्त्रात ९६ वरून ४४ टक्क्यांवर येते, असे २०२१ च्या एका तुलनेत दिसले. निधी देणाऱ्यांनी आधी नमुन्याचा हिशेब मागावा आणि फसलेले प्रयोगही छापायला लावावेत. तोवर निव्वळ मेटा-ॲनालिसिसच्या आधारावर कोणत्याही मंत्रालयाने योजना मंजूर करू नये.