रसिकांची जत्रा

चित्रकथांचा नाद म्हणजे वेळेचा अपव्यय, असे वडीलधाऱ्या मंडळींना बहुधा वाटते. मुलगा चित्रकथेत रंगून गेला किंवा मुलगी परग्रहावरील नगरीच्या कल्पनेत हरवली, की 'अभ्यास सोडून हे काय चालले आहे?' हा प्रश्न ठरलेलाच. परंतु छंद चांगला की वाईट, हे केवळ त्याच्या विषयावरून ठरविणे न्याय्य नव्हे. त्या छंदामुळे माणूस नुसता घेणारा बनतो की स्वतः काही घडवू लागतो, हीच त्याची खरी कसोटी होय. जपानमधील चित्रकथाप्रेमी तरुणांचा इतिहास या कसोटीवर पारखून पाहण्याजोगा आहे.

जपानमध्ये चित्रकथेला 'मांगा' आणि पडद्यावर हलणाऱ्या चित्रांच्या कथेला 'अ‍ॅनिमे' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसामु तेझुका यांनी या कलेला नवे वळण दिले. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने १९५२ साली 'अ‍ॅटम' नावाच्या यंत्रबालकाची कथा सुरू केली. १९६३ साली ती दूरचित्रवाणीवर अवतरली. पुढे त्यांनीच भगवान बुद्धांचे चरित्र चित्रकथेच्या रूपाने रेखाटले. ज्या कलेत यंत्रमानवही सामावतो आणि तथागतही, तिला पोरखेळ कसे म्हणावे?

परंतु त्याहून लक्षणीय आहे तो तेथील रसिकांचा उद्योग. १९५७ साली ताकुमी शिबानो या गणिताच्या शिक्षकांनी विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी 'उचूजिन' नावाचे एक छोटेसे नियतकालिक काढले. शिनइची होशी यांची एक कथा प्रथम त्यातच छापली गेली, आणि अतिलघुकथांचा हा लेखक पुढे घरोघरी पोहोचला. रसिकांनी स्वतःच्या पदरमोडीने काढलेल्या अशा प्रकाशनाला जपानीत 'दोजिन्शी' म्हणतात. 'दोजिन' म्हणजे समानधर्मी माणसे. आपल्या शाळांतील हस्तलिखितांशी त्याचे जवळचे नाते आहे.

१९७५ सालच्या डिसेंबरात तोक्योमधील एका सभागृहात अशा प्रकाशनांचा पहिला बाजार भरला. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे जमली. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. हाच 'कॉमिक मार्केट' आता वर्षातून दोनदा भरतो. २०१९ सालच्या डिसेंबरात चार दिवसांत तेथे सुमारे साडेसात लाखांची गर्दी लोटली. या बाजाराचे एक तत्त्व मनावर कोरून ठेवावे असे आहे. तेथे कोणालाही 'ग्राहक' म्हणत नाहीत. विकणारा, घेणारा आणि व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक, हे सारे 'सहभागी'च. वारीत कोणी प्रेक्षक नसतो, सगळेच वारकरी असतात. तसाच हा प्रकार.

यावर आक्षेप घेतला जाईल, की ही मुले दुसऱ्यांनी निर्मिलेल्या पात्रांवरच आपल्या कथा रचतात. यात स्वतःचे ते काय? या आक्षेपात तथ्य आहे. मूळ निर्मात्याच्या हक्काची जाण कोणत्याही रसिकाने सोडता कामा नये. परंतु कोणीही लेखक एकदम स्वतंत्र लिहू लागत नाही. अक्षर आधी गिरवावे लागते, मगच ते वळणदार होते. 'क्लॅम्प' हा स्त्री-चित्रकारांचा समूह अशाच दोजिन्शीतून पुढे आला आणि जगभर वाचला गेला.

खरा धोका अनुकरणात नाही. तो नुसत्या खरेदीत आहे. पात्रांच्या बाहुल्या, पोशाख आणि चित्रे विकणाऱ्या व्यापाऱ्याला रसिकाचे प्रेम नको असते, त्याचा खिसा हवा असतो. कपाट भरले म्हणून मन भरत नाही. उलट, आवडत्या नायकाचा चेहरा दहा वेळा खोडून अकराव्यांदा नीट काढणाऱ्या मुलाला रेषेचे मर्म कळते. कथेतील अंतराळयान खरोखरच उडेल काय, असे विचारणारी मुलगी विज्ञानाच्या दाराशी येऊन उभी राहते.

म्हणून पालकांनी चित्रकथा हिसकावून घेण्यापेक्षा मुलांच्या हाती कोरा कागद द्यावा, हे अधिक शहाणपणाचे. त्या कागदावर उमटणारी पहिली रेषा वेडीवाकडी असेल. परंतु ती त्या मुलाची स्वतःची असेल.