माळावरचं हरीण ताटात नको

साखरा गावच्या मायबापांनो, मटण सोडा असं सांगायला मी हे लिहीत नाही. गाईची कत्तल राज्यात 1976 च्या कायद्याने आणि बैलाची 2015 पासून बंद आहे. पण दावणीचा बोकड, खुराड्यातली कोंबडी खायला कायद्याची मनाई नाही. माझं मागणं आहे ते माळावरच्या जिवांसाठी.

"हरीण काय अन् बोकड काय, शेवटी मटणच की," असं पारावर ऐकू येतं. नाही, भाऊ. आपली उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळं देते. तिचा चारा, तिचं औषधपाणी आपण बघतो. बोकड कापला तरी खांड मोडत नाही. काळविटाची मादी एका वेळी एकच पाडस देते, ते गवतात लपवते, आणि गावच्या कुत्र्यांच्या तावडीतून वाचलं तरच ते कळपात येतं. अशी एक मादी फाशात गेली, तर तिच्या जागी दुसरी कोणत्या बाजारातून आणणार? माळढोकाचंच बघा ना: सोलापूरकडच्या नान्नजला त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. शिकारीने आणि माळ मोडल्याने आधीच खचलेला तो पक्षी आज तिथेही जवळपास दिसेनासा झाला आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट, मोर, घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकार केली तर किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, शिवाय दंड. ससा, रोही, रानडुक्कर यांनाही संरक्षण आहे. मांस नुसतं घरात सापडलं तरी गुन्हा होतो.

पिकाचं नुकसान होतं, हेही खरं: सोयाबीन दोन पानांवर येतं न येतं तोच हरणांचा कळप शेंडे खुडून जातो. रात्रभर जागल करणाऱ्याचा संताप मी समजू शकतो, आणि तो खोटा नाही. पण त्यावर वाट आहे. नुकसानीचा पंचनामा मागा, भरपाईचा अर्ज लगेच करा, मिळेपर्यंत पाठ सोडू नका. रोही-रानडुकराचा उपद्रव फारच झाला तर रीतसर परवानगीची तरतूद आहे. मात्र तेव्हाही मेलेलं जनावर सरकारचं, जेवणासाठी नाही. कुंपणात करंट तर सोडूच नका. त्या तारेने शेजारच्या शेतातला माणूसही मरतो.

फासे दिसले, रात्री माळावर बॅटऱ्या फिरताना दिसल्या, तर गप्प बसू नका. वनखात्याचा 1926 हा नंबर आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा.