लॅपटॉपचा प्रोसेसर बदलावा काय?



आमच्या पेणमधील अकरावीचा एक विद्यार्थी गेल्या वर्षी गणेशोत्सवापूर्वी घरच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करीत होता. त्या कमाईतून जुन्या लॅपटॉपला नवा प्रोसेसर बसवायचा, म्हणजे खेळ अडखळणार नाहीत, असा त्याचा बेत. "बसवू का, सर?" त्याने विचारले. मी म्हणालो, "आधी तुझ्या कारखान्याकडे पाहा."

साच्यातून मूर्ती निघते, वाळते, रंगते आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणीचा हात सर्वांना नसतो. समजा, साच्यातून दिवसाला 40 मूर्ती निघतात, पण आखणी 25 मूर्तींचीच होते. साच्यावर आणखी दोन माणसे लावली तर? तयार मूर्ती 25 च! बाकीच्या फळीवर वाट पाहत बसतील.

खेळातही असेच असते. कोण कोठे सरकला, चेंडू कोठे आपटला, हा हिशेब प्रोसेसर करतो. चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसरचे. 1920 × 1080 च्या पडद्यावर 20,73,600 ठिपके असतात, आणि प्रत्येक चित्रासाठी ते सारे नव्याने रंगवावे लागतात. समजा, एका चित्राच्या हिशेबाला 10 मिलिसेकंद आणि रंगविण्याला 25 मिलिसेकंद लागतात. दोन्ही कामे एकाच वेळी, मागेपुढे चालू असल्याने सेकंदाला 40 चित्रे मिळतील. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला, तरीही 40 च.

मग अडते कोठे, हे कसे ओळखावे? खेळातील चित्राचा आकार 1280 × 720 करा. ठिपके 9,21,600 उरतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. चित्रांची संख्या बरीच वाढली, तर अडचण रंगविण्यात आहे. जवळजवळ तेवढीच राहिली, तर मात्र प्रोसेसरवर संशय घ्या. शेकडो सैनिक एकदम हलविणाऱ्या खेळांत असे होऊ शकते.

पण तेव्हाही घाई नको. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डवर डाखाने पक्का केलेला असतो. तो बदलणे घरचे काम नव्हे. शिवाय उष्णतेचे काय? प्रोसेसरला लागणारी शक्ती साधारणपणे व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता या प्रमाणात वाढते. दोन्ही 10 टक्क्यांनी वाढविली, तर 1.1 × 1.1 × 1.1, म्हणजे सुमारे 33 टक्के जास्त उष्णता! पंखा मात्र तोच, आणि हवा आमच्या कोकणातली. उष्णता बाहेर पडली नाही, की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. जाहिरातीत वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो किती मिनिटे टिकतो हे छापलेले मला क्वचितच दिसले.

माझ्या विद्यार्थ्याने चित्राचा आकार कमी केला, तेव्हा 24 चित्रांची 45 झाली. त्याच्या लॅपटॉपमधील ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य स्मृतीच वापरणारा, आणि स्मृतीची पट्टी एकच होती. त्याने जोडीला तशीच दुसरी पट्टी बसविली. लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून, रंगकामाच्या कोरड्या ब्रशने पंख्याची धूळही झाडली. मूळ आकारातच आता 33 चित्रे येतात. उरलेल्या पैशांचे काय करायचे, ते अजून त्याच्या घरी ठरायचे आहे.