चित्र लावलं म्हणजे कळलं?

‘वाचतंय कोण? चित्र टाका, रंग भडक ठेवा, लोकांना आपोआप कळतं.’ सरकारी मोहीम असो की कंपनीचा शेतकरी मेळावा, माहितीफलक करायला बसलेल्या मंडळींच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. त्याच्या पोटात तीन समजुती दडलेल्या आहेत. चित्राला भाषा लागत नाही, ही पहिली. चित्र कमी शिकलेल्यांसाठी असतं, ही दुसरी. आणि चित्र जितकं मोठं तितका परिणाम मोठा, ही तिसरी. सोयाबीन, तूर आणि कपाशीवर जगणाऱ्या वाशीम जिल्ह्यात उभं राहून या तिन्ही समजुती तपासल्या, तर एकही टिकत नाही.

पहिली घेऊ. कीटकनाशकाच्या बाटलीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात इशारा आणि खालच्या अर्ध्या भागात रंग. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे चिन्ह बंधनकारक केलं. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल जहाल, निळा मध्यम आणि हिरवा कमी विषारी. कागदावर व्यवस्था चोख आहे. आता हाच हिरवा रंग त्याच गावच्या अंगणवाडीत पाहा. बाळाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या पुढे हिरवी असते आणि तिथे हिरवं म्हणजे पोषण ठीक. साडेअकराच्या खाली लाल, मधे पिवळं. म्हणजे आईला हिरवा रंग सांगतो ‘काळजी नाही’, आणि फवारणीच्या पंपापाशी उभ्या बापाला तोच रंग सांगू पाहतो ‘हेही विषच, फक्त कमी’. बाप काय समजेल? चौकातला सिग्नलही हिरव्याला ‘जा’च म्हणतो. पिवळ्याची तऱ्हा आणखी वाईट. सिग्नलला तो ‘जरा जपून’ असतो, बाटलीवर मात्र दुसऱ्या क्रमांकाचं विष. निळ्याला तर आपल्या व्यवहारात धोक्याचा अर्थच नाही. रंगाला भाषा असते, तीही शिकावी लागते आणि ती जागेगणिक बदलते.

त्यात आकाराची गोष्ट. हा चौकोन लेबलाच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढा असावा, असा नियम आहे. लहान बाटलीचा दर्शनी भाग सहा बाय आठ सेंटिमीटर धरला, तर चौकोनाच्या वाट्याला तीन चौरस सेंटिमीटर येतात. त्यातला रंग निम्म्यात. कपाशीत उभं राहून, ओल्या हातांनी, घाम पुसत कुणी तो वाचावा अशी आपली अपेक्षा. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची बाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याचं सगळं खापर लेबलावर फोडणं चूक ठरेल. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, औषधांची मिसळ, हातमोजे-मास्क नसणं, अशी कारणं त्या वेळी पुढे आली. पण विषाची ओळख पटवून देण्याचं काम ज्या चिन्हाकडे सोपवलं, ते चिन्ह शेतमजुराला दाखवून कधी तपासलं, हा प्रश्न उरतोच.

दुसरी समजूत अशी की चित्र अशिक्षितांसाठी. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची साक्षरता ऐंशी टक्क्यांच्या वर होती. ज्याला वाचता येतं त्यालाही बाटलीसोबतच्या घडीपत्रकातली मुंगीएवढी अक्षरं वाचवत नाहीत. उलट सगळ्यांत शिकलेले लोक चित्रावाचून पान हलवत नाहीत. २०१८ मध्ये केंद्राने विकासात मागे राहिलेले ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, आणि वाशीम. या जिल्ह्यांची प्रगती पाच क्षेत्रांतल्या ४९ निर्देशांकांवर मोजली जाते आणि डॅशबोर्डवर दिसते. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला आलेख हवा, क्रमवारी हवी, आणि गावाला काय? घोषवाक्य आणि हसरा चेहरा. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याला चित्र लागतं, मग तो सचिव असो की सालगडी.

तिसरी समजूत फ्लेक्सवाल्यांची. फलक दहा फुटी, त्यात निम्मी जागा मान्यवरांच्या छायाचित्रांना, उरलेल्यात योजनेचं नाव, आणि अर्ज कुठे, कधीपर्यंत, कोणत्या कागदांसह, हे तळाशी बारीक. मोठेपणा नेमका कशाला द्यायचा, हे शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात, आकडेवारी चित्रांतून मांडणाऱ्या ऑटो न्यूरथ यांनी सांगून ठेवलं आहे. संख्या वाढली तर चित्र फुगवू नका, त्याच मापाची चित्रं जास्त मांडा. म्हणजे डोळ्यांना मोजता येतं. पुढे १९५० च्या दशकात त्यांच्या पत्नी आणि सहकारी मारी न्यूरथ पश्चिम नायजेरियात काम करू लागल्या, तेव्हा त्यांनी युरोपातली चित्रं तशीच नेली नाहीत. माणसं, घरं तिथली करून घेतली.

मग चित्रं बंदच करायची का? मुळीच नाही. चांगलं चित्र कसं असतं, ते वाशीमच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत सोयाबीनचे १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण, एकरी सुमारे ३० किलो. कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. ते गोणपाट म्हणजे शंभर घरांचा तक्ताच. टक्केवारी शब्दाने न सांगता कळते आणि पाहिल्याबरोबर पुढचं काम ठरतं. याहून उत्तम माहितीचित्र कुठल्या जाहिरात कंपनीने केलेलं नाही.

त्यातूनच कसोट्या निघतात. चित्र पाहून ‘आता मी काय करू?’ याचं उत्तर मिळावं. ते जिथे वापरायचं तिथल्या उजेडात, तिथल्या अंतरावरून दिसावं. त्याच्या जोडीला मोजका, ठळक शब्द असावा. चार रंगांखाली चारही ठिकाणी मराठीत ‘विष’ लिहिलं आणि प्रत्येकासमोर अंगात काय घालायचं ते दाखवलं, तर कृषी केंद्रातला एक साधा तक्ता पुष्कळ काम करील.

यावर ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं उत्तर येतं. छपाईला वेळ मिळतो, उद्घाटनाला मिळतो, मग तपासणीला का मिळू नये? फलकाचा कच्चा नमुना घ्या आणि कृषी केंद्रात आलेल्या चार जणांना विचारा, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ ‘आवडलं का?’ असं विचारू नका. भिडेखातर सगळेच हो म्हणतील. उत्तर चुकलं तर माणूस अडाणी ठरत नाही, चित्र नापास होतं. नापास चित्र छापायचं नाही, एवढा नियम जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाने येत्या खरिपापासून पाळावा.